चूळ भरण्याइतका वेळ

नाव: ओइकावा शोसाकु.

तारीख: १२ एप्रिल.

वेळ: सकाळचे साडेदहा. न्याहारीची चव तोंडातून गेलेली असते आणि दुपारची भूक अजून लागलेली नसते, अशी दिवसातली ही एकच वेळ.

परीक्षणाचं कारण: (असा रकाना छापील कागदावर नाही. समासात लिहितो.)

परवा साके-उत्पादक संघाचं पत्र आलं. या महिन्याच्या चोवीस तारखेला नव्या साकेचं परीक्षण आहे, एक परीक्षक आजारी पडलाय, आपण जुने तोजी आहात, कारागिरांचे मुख्य राहिलेले, याल का? तेरा तारखेच्या दुपारपर्यंत फोन करा. दोन दिवसांचं काम. अकरा परीक्षक. दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र, एका लांब टेबलाशी.

पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या टेबलापाशी थांबलो. माझी बायको मित्सुए नोव्हेंबरात गेली. तेव्हापासून या घरात माझ्याशी कोणी बोलत असेल तर तो विजेचा कुकर. भात झाला की एक गाणं वाजवतो. पहिल्या आठवड्यात मी त्याला "हो, आलो" म्हणायचो.

तर मला जायचंय. पण जायचं तर नाक आणि जीभ जागेवर हवी. परीक्षकासमोर जो पेला येतो त्यात कुठल्या तरी कुराचा, साकेच्या भट्टीचा, अख्खा हिवाळा असतो. पंधरा माणसांनी पहाटे उठून तांदूळ धुतलेला असतो, बोटं सुजलेली असतात. मी चुकीचा आकडा टाकला तर त्यांचं वर्ष चुकलं. चाळीसच्या वर हिवाळे मी त्या बाजूला होतो, म्हणून हे मला कोणी सांगायला नको.

म्हणून आधी स्वतःची परीक्षा.

पद्धत: पाच प्रकारचं साके, दहा पेले. पहिल्या ओळीत आकडे, एक ते पाच. दुसऱ्या ओळीत तेच पाच, पण वेगळ्या क्रमाने. त्यांना अक्षरं, इ, रो, हा, नि, हो. पहिली ओळ चाखायची, मग दुसरी, आणि कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा ते सांगायचं. पाचच्या पाच जुळतात, किंवा तीन, दोन, एक, नाहीतर एकही नाही. चार कधीच जुळत नाहीत. एक चुकला की दुसऱ्या कुणाची तरी जागा त्याने घेतलेलीच असते.

अडचण: दुसरी ओळ दुसऱ्या कुणीतरी लावावी लागते.

*

पहिला प्रयत्न. काल. एकट्याने. (बाद.)

पेल्यांच्या तळाला आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, भरले, डोळे मिटून ताटातले पेले इकडचे तिकडे केले. डोळे उघडले तर प्रत्येक पेला कुठला ते मला ठाऊक. हाताला आठवत होतं. मग ताटच गोल फिरवलं. तरी एका पेल्याच्या काठाचा टवका उडालाय, तो दिसला आणि त्याच्यावरून बाकीचे लागले. मग ताट झाकून शेतावर चक्कर मारून आलो, की विसरेन. बांधावर बर्फ वितळून फुकीच्या रानभाजीचे कोंब वर आले होते, ते खुडत बसलो. परत आलो तर कोंब कुठून खुडले तेवढं विसरलो होतो. पेले लख्ख आठवत होते.

माणसाला स्वतःपासून काही लपवता येत नाही असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काही मोठं असावं. माझे फक्त पाच पेले होते.

शेवटी पलीकडच्या तेइकोला फोन केला.

*

दुसरी ओळ लावणारी: तेइको, वय एकाहत्तर. मित्सुएची मैत्रीण. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, छोटा ट्रक स्वतः चालवते, साकेला हात लावत नाही. ती रताळ्याची शोचू पिते, तीही गरम पाण्यातून, आणि साके म्हणजे गोड बोलणाऱ्या माणसांचं पेय आहे असं तिचं ठाम मत.

आली ती मुळ्याचं लोणचं घेऊन. डबा तसाच उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला, कारण त्या वासापुढे कुठलंही साके टिकणार नाही. ती बूट काढून सरळ देवघराकडे निघाली, मित्सुएच्या फोटोसमोर उदबत्ती लावायला. आमच्याकडे कोणीही आलं की आधी तिकडेच जातं. मी तिला अडवलं. म्हटलं, आत्ता नको, धूर पेल्यांत उतरतो. नंतर लाव.

तेइकोने काडेपेटी खाली ठेवली.

"म्हणजे अजूनही तिनेच थांबायचं," ती म्हणाली. "तुमचं साके होईपर्यंत."

*

पहिली ओळ.

पेला १. दाइगिंजो.
रंग: पाणी. पेला पांढरा, तळाशी दोन निळी वर्तुळं. त्यांच्या कडा स्वच्छ दिसल्या म्हणजे गाळप नीट झालं.
वास: सफरचंद, हिरव्या सालीचं.
(लिहिलं आणि थांबलो. वास आला म्हणून लिहिलं, की बाटली समोर दिसतेय म्हणून?)
शेरा: तांदूळ घासून घासून निम्म्याहून कमी उरवायचा आणि त्याचं हे करायचं. तेइकोने विचारलं, मग उरलेल्या निम्म्याने काय पाप केलं होतं? तोंडात घोळवून बादलीत थुंकलो.
"आणि हे थुंकायला माणूस पगार घेतो," तेइको म्हणाली.

पेला २. होन्जोजो.
चव: कोरडी. शेवट: झटकन. शेरा: कामावरून आलेला माणूस.

पेला ३. जुनमाइ.
नुसता तांदूळ, पाणी आणि बुरशी. वरून काही नाही. मित्सुएला साकेचा वास सोसत नसे, पण हा एक चालायचा. भाताचं झाकण उघडल्यासारखं वाटतं, म्हणायची. मी आत्ता पेला नाकाशी धरला आणि भाताची वाट बघितली.
वास: भात.
(खोडलं. परत लिहिलं.)

पेला ४. किमोतो.
याचं विरजण जुन्या पद्धतीचं. जानेवारीच्या थंडीत लाकडी टबांभोवती उभं राहून लांब दांड्यांनी भात आणि बुरशी घोटत राहायचं. किती वेळ ते घड्याळावर नाही, गाण्यावर. गाण्याची कडवी ठरलेली. इतकी कडवी झाली की थांबायचं, घाईघाईने गायलं तर साके बिघडतं. मी अठराव्या वर्षी लागलो तेव्हा माझा आवाज फाटका होता, म्हणून मला मागे उभं करायचे. नंतर तोजी झालो, सगळे ओयाजी म्हणायला लागले, बाप. मग फाटक्या आवाजातही मीच पहिलं कडवं उचलायचो आणि कोणी हसत नसे.
चव: आंबट, मग रुंद, मग परत आंबट. जिभेच्या दोन्ही कडा पकडते. हा चुकणार नाही.

पेला ५. नामा.
न तापवलेलं. त्यामुळे अजून जिवंत. थंडीत ठेवलं नाही तर चार दिवसांत रुसतं. वास: ओली पालवी, कच्चं केळं. असा असतो.

(असा असतो. आला का, ते लिहिलेलं नाही.)

*

दुसरी ओळ लागेपर्यंत मी व्हरांड्यात पाठमोरा उभा होतो. आत पेले ताटात ठेवल्याचा आवाज येत होता. चिनीमातीचा बारीक, कोरडा टक्. तो ऐकताना लक्षात आलं की नोव्हेंबरपासून या घरात दुसऱ्याच्या हाताने काही ठेवल्याचा आवाज झाला नव्हता.

हा खेळ मित्सुएचा. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात मी सहा महिने कुरात राहून घरी आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हे मांडलं. शेजारच्या गावातल्या दुकानातून पाच बाटल्या आणलेल्या. म्हणाली, "अहो, सहा महिने हिच्यापाशी राहून आलात. बघू तरी ओळखता का." मी पाचही ओळखले. ती म्हणाली, बरं, आता मला ओळखा, आणि डोक्यावर टॉवेल टाकून बसली. चोवीस वर्षांची होती.

तेव्हापासून दर एप्रिलला. अठ्ठेचाळीस एप्रिल, काम सोडल्यावरचेही. ऑक्टोबरच्या शेवटी जायचो, एप्रिलमध्ये यायचो. आमच्याकडचे सगळे तोजी असेच. तिने इथे एकटीने बर्फ उपसायचं, मी तिथे लोकांच्या तांदळाला जपायचं. आणि परत आलो की पाच पेले. अठ्ठेचाळीस वेळा पाचच्या पाच.

एक नियम माझ्या पहिल्या तोजीने लावलेला: तोंडात साके असताना निकाल ऐकायचा नाही. म्हणून मी उत्तरं दिली, म्हणजे प्रत्येक अक्षरासमोर आकड्याची लाकडी सोंगटी ठेवली, की बोळाच्या टोकाला मोरीत जाऊन चूळ भरायचो आणि मग यायचो. ती एकेक पेला उचलून तळाची चिठ्ठी दाखवायची. अलीकडे अलीकडे तिला माझ्या चुळांचीही काळजी वाटायला लागली होती. मागून ओरडायची, "सावकाश हो. नीट खळखळून भरा. गडबड काय आहे?" म्हाताऱ्या झाल्या की बायका कशाच्याही मागे लागतात, असं मी मनात म्हणायचो.

*

दुसरी ओळ.

इ: ५.
रो: २. नक्की.
हा: १. बहुतेक. गोडसर. हलकं.
नि: ४. नक्की. जिभेच्या कडा.
हो: ३. उरलं म्हणून.

वास या रकान्यात पाचही ठिकाणी काही लिहिलेलं नाही. हे मला नंतर दिसलं.

मोरीत गेलो, चूळ भरली, आलो. तेइको हाताची घडी घालून बसली होती. मी म्हटलं, उचल. तिने एकेक पेला उचलला.

इ: ३. रो: २. हा: ५. नि: ४. हो: १.

पाचांत दोन.

मी तिला म्हटलं, चिठ्ठ्या नीट बघितल्यास ना चिकटवताना? ती म्हणाली, मला पाचपर्यंत येतं. मग मी तिला लोणच्याचा दोष दिला, तिच्या हातांना वास असेल. मग हवेचा. मग कालपासून थोडं पडसं आहे असं म्हणालो. तेइकोने सगळं ऐकून घेतलं. जे जुळले ते दोन कुठले, हे तिला कळायचं कारण नव्हतं, मला कळलं होतं. होन्जोजोचा झटका घशाला कळतो. किमोतोची आंबट चव जिभेला कळते. उरलेले तिन्ही नाकाचे. जीभ होती. नाक नव्हतं.

"अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा," मी म्हणालो.

तेइकोने ताटावरचं सांडलेलं साके फडक्याने टिपलं. फडकं घडी केलं. परत उलगडलं.

"शोसाकु-सान, पहिल्यांदा नाही हो."

पुढचं तिने फडक्याकडे बघत सांगितलं. सात वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मित्सुए तिच्याकडे गेली होती, दुपारी, एप्रन न काढता. म्हणाली, आज त्यांचे तीनच जुळले. मला सांगवेना. ते चूळ भरायला गेले तेवढ्यात मी सोंगट्यांप्रमाणे दोन पेले हलवले आणि आल्यावर म्हटलं, पाचही. पुढच्या वर्षी पुन्हा तीन. मग एकदा दोन. एका वर्षी फक्त एक जुळला होता, तेव्हा तिला चार पेले हलवायचे होते आणि तिची संधिवाताने आखडलेली बोटं. ती मागून ओरडून तुम्हाला मोरीत थांबवून ठेवायची, तेइको म्हणाली. आधी हसत सांगायची मला. नंतर नुसतं सांगायची.

मी विचारलं, सात वर्षांपूर्वी नक्की? तेइको म्हणाली, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते वर्ष, मी कशी विसरेन.

*

(या मजकुराला कागदावर रकाना नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर.)

सात वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्येच, खेळ झाला त्याच संध्याकाळी, मित्सुए फुकीचे कोंब निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "या हिवाळ्यात जाऊ नका. मला एकटीला करमत नाही."

बेचाळीस हिवाळ्यांत तिने हे कधी म्हटलं नव्हतं. छपरावरून बर्फासकट खाली आली होती त्या वर्षीही नाही. मी दुसऱ्या दिवशी कुराच्या मालकाला फोन करून काम सोडलं. तो गयावया करत होता. मी म्हटलं, घरी बायको एकटी असते. हे वाक्य मी नंतर पुष्कळांना ऐकवलं. माझ्यानंतर जो तोजी झाला त्याला, गाडीतल्या अनोळखी माणसाला, दवाखान्यात मित्सुएच्या देखत डॉक्टरांना. चाललं होतं ते सगळं मी तिच्यासाठी सोडलं. मी आयुष्यात तिला दिलेली एकच मोठी गोष्ट आहे ही, असं मी धरून होतो. आणि त्याहून जास्त हे, की तिने ती मागितली होती. तिला मी हवा होतो.

तर आता हे.

मी तेइकोला विचारलं. सरळ विचारलं, कारण वळसे घ्यायला ताकद नव्हती.

"तिला खरंच करमत नव्हतं? की माझी लाज झाकायला म्हणाली?"

तेइको खोटं बोलू शकली असती. मित्सुए असती तर बोलली असती.

"ते नाही मला सांगितलं तिने," तेइको म्हणाली. "हिवाळ्यात मी रोज यायचे, शेगडीपाशी पाय शेकत आम्ही दोघी बसायचो. हसायचो खूप. तुमची नक्कलही करायची ती. करमत नाही असं म्हणालेली मला आठवत नाही." मग थोड्या वेळाने, "पण मलाही सगळं कुठे सांगायची."

मग ती उठली आणि तिने उदबत्ती लावली. मी अडवलं नाही. धूर ताटावरून गेला, पेल्यांत उतरला. जाताना तिने लोणच्याचा डबा आत आणून ओट्यावर ठेवला. म्हणाली, जेवा. आणि बूट घालताना म्हणाली, हे तोंडात घोळवून थुंकायचं नसतं.

*

फोन. १३ एप्रिल, सकाळी नऊ.

संघाच्या चिटणिसाने ओयाजी, ओयाजी करत बोलायला सुरुवात केली. गाडी पाठवू का, राहायची खोली तळमजल्यावर ठेवलीय, तुमच्या शेजारी अमुक बसतील, त्यांना तुमच्या जुन्या गोष्टी ऐकायच्यात. मी त्याला थांबवलं. म्हटलं, नाक गेलंय. पाचांत दोन.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा आढेवेढे घेतोय. म्हणाला, ओयाजी, तुमचे दोन म्हणजे आमचे पाच. मी म्हटलं, नाही. दोन म्हणजे दोन. मग तो हसायचा थांबला आणि अतिशय अदबीने बोलायला लागला. त्या अदबीवरून कळलं की फोन संपलाय.

जेवणाच्या टेबलाचं काही बोललो नाही. नुसतं जेवायला येऊ का, असं कसं विचारणार?

*

तिसरी ओळ. १३ एप्रिल, सकाळी साडेदहा. एकट्याने.

पेले पाचच. टवका उडालेला बाजूला ठेवला, त्याच्या जागी चहाचा एक. तोही उघड ओळखू येतो. असू दे. ज्याच्यासाठी खबरदारी घ्यायची ते कालच झालं.

डोळे मिटून पेले फिरवले. या वेळी खूप वेळ फिरवले. चाखले. कालची उदबत्ती अजून खोलीत असणार, मला काही जाणवलं नाही. अक्षरांसमोर सोंगट्या ठेवल्या. होन्जोजो, किमोतो ठेवताना हात थांबला नाही. बाकीचे ठेवले.

मग मोरीत गेलो.

नळ सोडला. एप्रिलचं पाणी अजून दात आंबवणारं. पहिली चूळ भरली, टाकली. एरवी इथेच परत फिरलो असतो. आज थांबलो. पाच पेले, चार हलवायचे, आखडलेली बोटं. तळाच्या चिठ्ठ्या वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत. किती वेळ लागत असेल? घड्याळ मोरीत नाही. मी घोटण्याच्या गाण्याचं पहिलं कडवं उचललं. फाटक्या आवाजात, हळू. घाईघाईने गायलं तर बिघडतं. कडवं संपलं. दुसरं म्हटलं, चष्म्यासाठी. तिसरं म्हटलं, कारण ज्या वर्षी चार पेले हलवायचे होते त्या वर्षी तिला तेवढं तरी लागलं असेल, आणि मी बहुतेक दोन कडव्यांतच परत आलो असेन, आणि ती शेवटचा पेला हातात धरून तशीच उभी राहिली असेल. मला काही दिसलं नाही.

बोळाच्या त्या टोकाला काही वाजलं नाही. मी नळ बारीक करून ऐकलं.

चौथं कडवं म्हटलं. मग नळ बंद केला.

खोलीत पेले मी ठेवले तिथेच होते. सोंगट्या त्यांच्यासमोर. मी बसलो. एकेक उचलला, तळाची चिठ्ठी वाचली, कागदावर लिहिली.

इ: जुळला. रो: जुळला. हा: नाही. नि: जुळला. हो: नाही.

शेरा: तीन. दोन पेले हलवले असते तर पाच.